चाकांचा कारखाना बघून आलो, पण मुलांच्या प्रश्नांनी अडकले

विज्ञानबाई

नमस्कार मंडळी. मी शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात आठवीच्या बावीस मुलांना घेऊन रेल्वेच्या कारखान्यात गेले होते. डब्यांची चाकं दुरुस्त होतात तो विभाग बघायचा होता. परवानगीची पत्रं, हेल्मेट, बंद बूट, पिवळ्या रेघेच्या आतून चालायचं, सगळं रीतसर. दाखवायला आलेले साहेब मनापासून सांगत होते, पण आवाज एवढा की अर्धं बोलणं ओठांवरून ओळखावं लागलं.

आत गेल्या गेल्या चाकांच्या जोड्या रांगेत उभ्या होत्या. ॲक्सल आणि त्याला दोन्हीकडे एकेक चाक, गंजून लालसर झालेलं, वर खडूने लिहिलेले आकडे. एकेक जोडी क्रेनने उचलून लेथवर, म्हणजे फिरवत फिरवत तासायच्या यंत्रावर, चढवत होते. लेथ दोन्ही टोकांनी जोडी धरतो आणि दोन्ही चाकं एकदमच तासतो. मला वाटलं होतं, भन्नाट वेगाने फिरेल. छे. इतकी सावकाश फिरते की चाकावरचा खडूचा आकडा वाचता येतो. आणि कीस! जाड, निळा-जांभळा, गुंडाळत गुंडाळत खाली पडणारा. मुलं तिथून हलेनात.

एरवी वर्गात तोंड न उघडणाऱ्या एका मुलीने विचारलं, "बाई, खडूची फुली डाव्या चाकावर होती. खराब ते होतं. मग उजवं चांगलं चाक का तासलं?" साहेब म्हणाले, "दोन्ही सारखी लागतात", आणि पुढे चालू लागले. तिचं काही समाधान झालं नाही, माझंही नाही.

दुसऱ्या मुलाचे वडील मोटार मेकॅनिक आहेत. त्याचा प्रश्न: मोटारीला डिफरन्शियल असतं, म्हणून वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरू शकतं. इथे दोन्ही चाकं एकाच ॲक्सलला घट्ट. मग आगगाडी वळते कशी? मी म्हणाले, चाकाच्या आतल्या बाजूची उंच कड, ती फ्लँज, रूळ धरून ठेवते. म्हणाले खरी, पण हे तितकंसं बरोबर नसावं अशी शंका मला तेव्हाच आली.

तिसरा प्रश्न माझाच. दुरुस्ती म्हटल्यावर मला वाटलं होतं की झिजलेल्या जागी काहीतरी भरत असतील. तिथे तर नुसतं काढतच होते. म्हणजे प्रत्येक दुरुस्तीला चाक लहान होतं? असं किती वेळा चालतं?

जाणकारांनी कृपया सांगावं. सोमवारी पुन्हा तोच वर्ग आहे.

---

रूळवेडा

मेकॅनिकच्या मुलाचं उत्तर मी देतो, बाकीचं इथल्या जुन्या माणसांनी द्यावं.

डिफरन्शियल आहे, फक्त ते चाकाच्या आकारात लपलेलं आहे. रुळावर टेकणारा भाग सपाट नसतो, उतरता असतो. फ्लँजच्या बाजूला व्यास मोठा, बाहेर जाताना कमी कमी. जुना ठरलेला उतार १:२०. वळणावर जोडी बाहेरच्या रुळाकडे सरकते. मग बाहेरचं चाक आपल्या मोठ्या व्यासावर चालतं आणि आतलं लहान व्यासावर. फेऱ्या सारख्याच, पण बाहेरचं जास्त अंतर कापतं. साधारण किलोमीटरभर त्रिज्येच्या वळणापर्यंत एवढ्यावर भागतं. त्याहून तीव्र वळण आलं की उतार पुरत नाही आणि फ्लँज रुळाला घासते. म्हणजे तुमची फ्लँज आहे ती शेवटचा आधार म्हणून. सरळ मार्गावर ती रुळाला लागायलाच नको.

वर्गात दाखवायचं तर कागदाचे दोन पेले तोंडाला तोंड लावून चिकटवा. दोन लांब काठ्या समांतर धरून थोडा उतार द्या आणि पेले सोडा. वाकडे ठेवले तरी डुलत डुलत मध्ये येतील. मग दुसरी जोडी बुडाला बूड लावून चिकटवा. ती दोन वितीत खाली पडेल.

ते डुलणं मात्र फुकट मिळत नाही. जोडी मध्यावर येते, पलीकडे जाते, परत येते, अशी नागमोडी चालते. क्लिंगेल नावाच्या जर्मन अभियंत्याने १८८३ मध्ये या नागमोडीची लांबी काढायचं सूत्र मांडलं. १४३५ मिमी गेजवर (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) ९१५ मिमीचं चाक आणि १:२० उतार धरला तर एक पूर्ण लाट सोळा-सतरा मीटरची येते. चाक झिजून मधोमध खोलगट झालं की उतार जास्त असल्यासारखं वागतं आणि लाट आखडते. उतार चौपट धरा, लाट निम्मी. वेग तोच, म्हणजे हेलकावे दुप्पट वेळा. डब्यात बसलेल्याला वाटतं रूळ खराब आहे.

---

जुना टर्नर

बाई, मी चौतीस वर्षं व्हील लेथवर काढली. त्या मुलीला माझा नमस्कार सांगा. आमच्याकडे ॲप्रेंटिस पोरं सहा महिन्यांनी जे विचारायची, ते तिने दोन तासांत विचारलं. आणि साहेबांवर रागावू नका, त्या आवाजात मीही एवढंच बोललो असतो.

आधी तिचं उत्तर. एका ॲक्सलवरच्या दोन चाकांच्या व्यासात आम्हाला अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक सोडता येत नसे. समजा, मी फुलीवालं डावं तेवढं तासलं आणि ते उजव्याहून १ मिमीने लहान झालं. ९१५ मिमीचं चाक किलोमीटरला ३४८ फेऱ्या घेतं. प्रत्येक फेरीला तीन मिमीहून थोडा जास्त फरक. किलोमीटरला झाला एक मीटरच्या वर. आता दोघं एकाच ॲक्सलला बांधलेले, मीटरभर मागे राहणार कोण? मग जोडी स्वतःच तोडगा काढते. वर रूळवेडा म्हणाले त्या उतारावरून लहान चाकाच्या बाजूला सरकते, साधारण पाच मिमी. तिथे दोन्ही चाकांचं अंतर जुळतं, पण आता सरळ मार्गावरही ती एका अंगाला चालते आणि लहान चाकाची फ्लँज सारखी रुळाच्या जवळ राहते. ती झिजणारच. म्हणजे ज्या चाकाचा इलाज केला तेच आधी परत येणार. म्हणून दोन्ही तासायची.

आता तुमचा प्रश्न. होय, चाक प्रत्येक वेळी लहान होतं. भर घालत नाहीत. ट्रामच्या चाकांवर कुठे कुठे वेल्डिंगने भर देतात, पण मोठ्या वेगाच्या, जड गाडीच्या अखंड चाकावर वेल्डिंग म्हणजे तडा जायला आपणच जागा करून देणं.

किती वेळा चालतं, हे चाकापेक्षा टर्नरवर जास्त अवलंबून. हे जरा नीट सांगतो, कारण बघायला येणाऱ्यांना कीस दिसतो, हे दिसत नाही.

ट्रेड, म्हणजे रुळावर चालणारा भाग, एक-दोन मिमी खोलगट झाला तर हिशोब सोपा. तेवढं काढा, आकार परत आला. पण फ्लँज बाजूने झिजून बारीक झाली तर तिची जाडी आणणार कुठून? समजा, अंगणातली भिंत एका बाजूने झिजून बारीक झाली. विटा आणायला परवानगी नाही. मग एकच उपाय, अंगण खणा. भिंत पायथ्याला रुंद असते, जमीन खाली गेली की तो रुंद भाग उघडा पडतो, आणि वरचं टोक छाटून उंची बेताची करायची. आम्ही तेच करतो. फ्लँजला एक मिमी जाडी परत द्यायला व्यासातून त्याच्या कितीतरी पट काढावं लागतं. सगळं अंगण खाली जातं.

मी नवा असताना एक जोडी नव्यासारखी करून ठेवली. पूर्ण फ्लँज, आरशासारखा ट्रेड. आमचे मिस्त्री आले, आकार तपासायचं गेज लावलं, कीसाच्या ढिगाकडे बघितलं. म्हणाले, "छान दिसतंय. आता हे सगळं उचल आणि परत चिकटव." मला कळेना. मग त्यांनी ॲक्सलशेजारी उकिडवं बसून दाखवलं की फ्लँज थोडी बारीक ठेवली असती तरी नियमात बसली असती, आणि चाकाची एक पूर्ण कटाई वाचली असती. बारीक फ्लँजचे आखून दिलेले आकार असतात, त्यांची वेगळी गेजं असतात. जेवढी फ्लँज शिल्लक आहे तिला सगळ्यात जवळचा आकार निवडायचा. फ्लँजच्या अंगाला थोडा जुना काळपट पट्टा राहिला तरी नियमात चालतो. ट्रेडवर मात्र नाही. तेव्हापासून मी जोडी लेथवर चढली की पहिली दहा मिनिटं हत्यार लावतच नसे. नुसतं मोजायचं. माझ्यामागे लोक ओरडायचे, "अरे, फिरव की!"

शेवट कुठे, तेही चाकावरच लिहिलेलं असतं. पुढच्या वेळी नेलंत तर मुलांना चाकाची बाहेरची कड निरखून बघायला सांगा. कित्येक चाकांवर तिथे एक बारीक खाच गोल फिरवलेली असते. ट्रेड झिजत, तासत त्या खाचेपर्यंत आला की चाक संपलं. मग ते दाबयंत्रावर ॲक्सलवरून उतरवायचं आणि भंगारात, तिथून भट्टीत. ॲक्सल चांगला असेल तर त्यावर नवीन चाकं चढतात. एक ॲक्सल चाकांच्या दोन-तीन पिढ्या बघतो.

---

खिडकीवाला

काका, एक बाळबोध प्रश्न. कधी कधी डब्याखालून ठक-ठक-ठक असा एकसारखा आवाज येत राहतो. रुळाच्या सांध्याचा नाही, वेग वाढला की तोही वाढतो. हे चाकाचंच ना?

---

जुना टर्नर

चाकाचंच. त्याला फ्लॅट म्हणतात. ब्रेक जोरात बसला, रूळ ओले किंवा तेलकट असले, की चाक फिरायचं थांबतं आणि गाडी त्याला तसंच फरफटत नेते. टेकलेली जागा घासून सपाट होते. नंतर प्रत्येक फेरीला तेवढा भाग आपटतो. ताशी ७२ किलोमीटरला सेकंदाला सात ठोके. मोजून बघा.

बाई, हे तुमच्या वर्गाला गणित म्हणून द्या: ९१५ मिमीच्या चाकावर ६० मिमी लांबीचा फ्लॅट, तर खोली किती? आयुष्यभर लोकांना विचारत आलो, सगळे पाच-सहा मिमी सांगतात. येते फक्त एक मिमी. कागदाच्या दहा पानांएवढी. आणि तेवढ्यावरून ते चाक रुळाला हातोडी मारत जातं.

पण टर्नरला खोलीची भीती नाही, कातडीची आहे. घसरताना ती जागा लाल तापते आणि घसरणं थांबल्याबरोबर आतलं थंड पोलाद ती उष्णता ओढून घेतं. लोहार तापवून पाण्यात बुडवतो, तसंच झालं. वर पांढरट, काचेसारखी कडक आणि ठिसूळ चकती तयार होते. हत्यार तिच्यावर गेलं की टोक उडतं. मी पहिल्यांदा मोडलं तेव्हा आवाजच असा आला की मला वाटलं लेथ गेला. युक्ती एवढीच की तिच्या वरून जायचं नाही, खालून जायचं. पहिलाच काप त्या कातडीच्या खाली, मऊ पोलादातून घ्यायचा. वरवर खरवडून पाहू म्हणणारा दिवसभर टोकं बदलत बसतो. ती कातडी तशीच सोडली तर पुढे तिथून खपल्या निघतात, म्हणून एक मिमीच्या फ्लॅटसाठी त्याहून जास्त चाक जातं.

आता बऱ्याच ठिकाणी खड्ड्यातला लेथ असतो. गाडी वरून येऊन उभी राहते, चाक न काढता खालूनच तासतात. फ्लॅटवाल्या गाड्यांना ते फार सोयीचं. मी त्यावर थोडेच दिवस होतो. हाताखालचं काम दिसतं पण जोडीभोवती फिरता येत नाही, मला ते मानवलं नाही.

---

तपासनीस

टर्नर काकांनी सगळं चाकावरच सांगितलं, आमच्या कोपऱ्याकडे लोक बघतच नाहीत. तिथे आवाज नाही, ठिणग्या नाहीत. एक माणूस ॲक्सलच्या टोकाला तेल लावून छोटंसं यंत्र टेकवून पडद्याकडे बघत बसलेला असतो, मुलांना तो कंटाळवाणा वाटतो.

तो ध्वनिलहरींनी ॲक्सलच्या पोटात बघत असतो. चाक ॲक्सलवर वेल्डिंगने किंवा बोल्टने बसवलेलं नसतं. चाकाचं भोक ॲक्सलच्या बैठकीपेक्षा दोन-तीन केसांच्या जाडीएवढं लहान ठेवतात आणि दाबयंत्राने कित्येक टनांच्या जोराने चढवतात. चढताना दाबाचा आलेख निघतो. तो सारखा चढत गेला तर ठीक, मध्येच खाली बसला तर समजायचं की आत कुठेतरी ओरखडा गेला किंवा माप चुकलंय, आणि जोडी परत उतरवायची. चढवल्यावर दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजतात: १६७६ मिमी गेजला १६००, १४३५ गेजला १३६०. तेही एका जागी नाही, चाक फिरवून तीन जागी. तिन्ही मापं वेगळी आली तर चाक तिरकं बसलंय किंवा ॲक्सल वाकलाय.

घोळ असा की ॲक्सलला तडा जायची आवडती जागा त्या घट्ट बैठकीखालीच असते, डोळ्यांना न दिसणारी. ॲक्सल फिरताना वरचा भाग खाली जातो, खालचा वर येतो. ताण आणि दाब आलटून पालटून, किलोमीटरला साडेतीनशे वेळा. ८ मे १८४२ ला फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ इंजिनाचा ॲक्सल तुटून भीषण अपघात झाला. तेव्हा लोकांना कोडं पडलं होतं की इतके दिवस वजन पेललेलं लोखंड अचानक कसं मोडलं. पुढे जर्मनीत व्योलर नावाच्या अभियंत्याने वर्षानुवर्षं ॲक्सलवर प्रयोग करून दाखवलं की एकदा पेलवणारा भार लाखो वेळा आलटून पालटून दिला की पोलाद थकतं. आज विमानापासून पुलापर्यंत सगळीकडे हा अभ्यास लागतो, आणि तो सुरू झाला आगगाडीच्या ॲक्सलवरून.

३ जून १९९८ ला जर्मनीत एशेडला रेल्वे अपघातात १०१ माणसं गेली, ते चाकावरून. त्या चाकाला बाहेरून पोलादी टायर होता आणि आत रबराचा थर. टायर झिजून पातळ झाला होता, तडा आतल्या बाजूने वाढत गेला. बाहेरून चाक गोलच दिसत होतं.

---

रूळवेडा

एक गंमत राहिली. चाकं झिजून झिजून एका ठरावीक आकाराला येतात आणि मग त्यांची झीज मंदावते, हे लक्षात आल्यावर नव्या चाकालाच तो झिजलेला आकार द्यायला सुरुवात झाली. युरोपातला एस १००२ हा आकार त्याच विचारातला. सरळ १:२० उताराऐवजी वेगवेगळे वळसे जोडून केलेला. म्हणजे लेथवरून उतरणारं कोरं चाक मुळात थोडं 'वापरलेलं'च असतं.

---

विज्ञानबाई

सगळ्यांचे आभार. आज तास झाला, त्याची हकीकत.

पेल्यांचा प्रयोग पहिल्यांदा फसला, कारण मी काठ्या फार जवळ धरल्या होत्या आणि पेले एका बाजूला कलंडले. अंतर वाढवल्यावर असे डुलत गेले की मागच्या बाकावरची मुलं पुढे आली. बुडाला बूड लावलेली जोडी पडल्यावर मेकॅनिकच्या मुलाने स्वतःच सांगितलं, "हिला उलटं डिफरन्शियल आहे." फ्लँजबद्दलचं माझं उत्तर चुकीचं होतं, हेही वर्गात सांगून टाकलं.

फ्लॅटचं गणित दिलं. अंदाज आधी लिहून घेतले: सगळ्यात कमी तीन मिमी, सगळ्यात जास्त दोन सेंटिमीटर! मग पायथागोरसने काढलं. ०.९८ आलं तेव्हा दोघांनी पुन्हा करून पाहिलं.

काका, तुमचं भिंत आणि अंगण फळ्यावर काढलं. त्या मुलीने लगेच विचारलं, "मग डावं चाक फुलीचं असलं तरी किती काढायचं ते दोन्हींतलं जास्त खराब चाक ठरवणार ना? आणि चांगल्या चाकाचं उगाच जाणार?" मी हो म्हणाले. बरोबर आहे का?

आणि एक कबुली. एका मुलाने खिशातून कीसाची गुंडाळी आणली होती, निळी झाक असलेली. रुमालात गुंडाळून. मला तिथे कळलंच नव्हतं.

---

जुना टर्नर

तिचं बरोबर आहे. जास्त खराब चाक सांगेल तेवढं दुसऱ्याचं जातं. म्हणून तर एक चाक हाताबाहेर जायच्या आत जोडी लेथवर आली पाहिजे. उशिरा आली की चांगल्याचंही तेवढंच कापावं लागतं, आणि मला सगळ्यात जास्त वाईट त्याच वेळी वाटायचं.

कीस त्याच्याकडून काढून घ्या, रागावू नका. त्याची कड ब्लेडसारखी असते, माझ्या डाव्या अंगठ्यावर अजून खूण आहे. काचेच्या बरणीत घालून झाकण घट्ट लावा आणि वर्गात ठेवा. उघडी ठेवलीत तर दमट हवेत थोड्याच दिवसांत तांबूस होईल. आत तेलाचे दोन थेंब टाका, निळा टिकेल.